हृदय बदललं, पण शरीराला ते मान्य आहे का? प्राण्यांच्या रक्तातून हे कसं कळतं?

जानेवारी २०२२. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ५७ वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांच्या छातीत डुकराचं हृदय बसवलं गेलं आणि ही बातमी दोन-तीन दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरली. पुढे ८ मार्चला बेनेट यांचं निधन झालं, तीही बातमी आली. या दोन बातम्यांच्या मधे घडलेली एक गोष्ट मात्र नंतर समोर आली आणि तोवर लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. शस्त्रक्रियेनंतर विसाव्या दिवशी बेनेट यांच्या रक्ताच्या तपासणीत एक अगदी क्षीण खूण दिसली होती. डुकरांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूच्या डीएनएची. इतकी क्षीण, की ही प्रयोगशाळेतलीच चूक असावी अशी शंका डॉक्टरांना आली.

रक्त काहीतरी सांगत होतं. ते नेमकं काय सांगतंय, हा खरा प्रश्न होता.

हृदय बदलणं ही शस्त्रक्रिया म्हणून आता तशी नवी गोष्ट राहिलेली नाही. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. शरीर नव्या हृदयावर हल्ला करतंय का, करत असेल तर कधीपासून, आणि औषध वाढवायचं की कमी करायचं, हे रोज ठरवावं लागतं. हे सगळं रक्ताच्या चार थेंबांवरून कळलं तर किती बरं होईल, म्हणून गेली अनेक दशकं उंदीर, कुत्रे, डुकरं आणि माकडं यांच्यावर प्रयोग सुरू आहेत. त्यातून जे हाती लागलं ते साधं नाही. रक्तात खुणा भरपूर सापडतात. पण प्रत्येक खूण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

आधी कुत्रे, मग माणसं

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. प्राण्यांमध्ये हृदय-प्रत्यारोपण हे त्या प्राण्यावरचे उपचार म्हणून केलं जात नाही. हे सगळे प्रयोग माणसासाठीच आहेत.

सुरुवात १९०५ ची. शिकागोत अॅलेक्सिस कॅरेल आणि चार्ल्स गथ्री यांनी एका छोट्या कुत्र्याचं हृदय काढून मोठ्या कुत्र्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडलं. ते सुमारे दोन तास धडधडलं. रक्तवाहिन्या शिवण्याचं तंत्र शोधल्याबद्दल कॅरेल यांना पुढे १९१२ चं नोबेल मिळालं. म्हणजे शिवणकाम जमलं होतं.

मग हृदय टिकत का नव्हतं? १९३३ मध्ये मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान यांनी असेच प्रयोग केले. कुत्र्याच्या मानेत जोडलेलं हृदय सरासरी चार दिवस चालायचं, जास्तीत जास्त आठ. बंद पडलेलं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेलं दिसलं. टाके व्यवस्थित होते. यामागे काहीतरी जैविक कारण आहे, असं मान यांनी नोंदवलं. ते कारण म्हणजेच आज डॉक्टर ज्याला ‘रिजेक्शन’ म्हणतात ते. शरीराने परका अवयव नाकारणं.

१९६० मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांनी कुत्र्याचं मूळ हृदय काढून त्या जागी दुसऱ्या कुत्र्याचं हृदय बसवलं. ते कुत्रे ६ ते २१ दिवस जगले. पुढच्या काही वर्षांत याच गटाला एक महत्त्वाची गोष्ट दिसली. रिजेक्शन सुरू झालं की कुत्र्याच्या ईसीजीच्या रेघा बुटक्या होऊ लागतात. त्या वेळी लगेच औषधाचा डोस वाढवला तर रेघा पुन्हा उंच होतात आणि कुत्रा सावरतो.

हे निरीक्षण दिसायला छोटं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रिजेक्शन वेळेत ओळखलं तर परतवता येतं. उशीर झाला तर हृदयाचे स्नायू मरतात आणि मग औषधाचा फार उपयोग होत नाही.

या गोष्टीत मुंबईही आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा गट त्या काळात कुत्र्यांवर हृदय-प्रत्यारोपणाचे प्रयोग करत होता. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसातलं पहिलं प्रत्यारोपण केलं आणि जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी केईएममध्ये ते करून दाखवलं. जगातल्या पहिल्या काही प्रत्यारोपणांपैकी ते एक. रुग्ण काही तासच जगला. बर्नार्ड यांचा रुग्ण १८ दिवसांनी गेला, तोही न्यूमोनियाने. रिजेक्शन दाबण्यासाठी दिलेल्या औषधांनी त्याच्या शरीराची जंतूंशी लढायची ताकदच काढून घेतली होती. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

पुढची काही वर्षं बहुतेक रुग्णालयांनी या शस्त्रक्रियेचा नाद सोडला. सायक्लोस्पोरीन हे औषध आल्यावर चित्र पालटलं. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. भारतातलं पहिलं यशस्वी हृदय-प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं, त्याला १९९४ साल उजाडलं.

शरीराला ‘परकं’ कळतं कसं?

मोठ्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन प्रत्येक गाडीचा स्टिकर बघतो, तसंच काहीसं. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात. माणसात त्यांना एचएलए म्हणतात, उंदरात एच-२. हा पेशींचा स्टिकर. जुळ्या भावंडांचा अपवाद सोडला तर दोघांचे स्टिकर तंतोतंत जुळणं दुर्मीळच.

हा स्टिकर सापडला तोही उंदराच्या रक्तामुळे. १९३० च्या दशकात लंडनमध्ये पीटर गोरर एका उंदराची गाठ दुसऱ्या उंदरात रुजवून बघत होते. ज्या उंदरांनी ती गाठ नाकारली, त्यांच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडीज तयार झालेल्या त्यांना आढळल्या. नकाराची नोंद रक्तात होते, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

रिजेक्शन एकाच प्रकारचं नसतं. रक्तात आधीपासूनच अँटीबॉडीज असतील तर हृदय काही मिनिटांत किंवा तासांत काळंनिळं पडतं. आधी नसतील तर टी-पेशी काही दिवसांत जमवाजमव करून हल्ला चढवतात. तिसरा प्रकार सगळ्यात संथ. वर्षानुवर्षं हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. १९९४ मध्ये हार्वर्डच्या पॉल रसेल यांच्या गटाने दाखवलं, की स्वतःची टी-पेशींची फौज नसलेल्या उंदरांना नुसत्या दात्याविरुद्धच्या अँटीबॉडीज टोचल्या तरी बसवलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. तीन प्रकार, तीन वेगळे वेग, म्हणून रक्तातल्या खुणाही वेगळ्या.

बायोप्सी आहे ना, मग रक्ताचा अट्टहास कशाला?

१९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या फिलिप केव्हज यांनी मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक चिमटा नेऊन तुकडा काढण्याची पद्धत बसवली. तेव्हापासून आजपर्यंत रिजेक्शन ओळखण्याची मुख्य तपासणी हीच आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे चार-पाच तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पहिल्या वर्षात एका रुग्णावर हे दहा-बारा वेळाही होऊ शकतं.

यात अडचणी आहेत. चिमट्याने हृदयाच्या झडपेला इजा होण्याचा धोका असतो. रिजेक्शन हृदयात ठिकठिकाणी, ठिपक्यांसारखं सुरू होतं, त्यामुळे चिमटा नेमका निरोगी भागात लागला तर रिपोर्ट ‘सगळं ठीक’ येतो. एकच तुकडा दोन पॅथॉलॉजिस्टना दिला तर त्यांचं मत जुळेलच असं नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुकसान दिसतंय म्हणजे नुकसान होऊन गेलेलं असतं.

प्रयोगशाळेत प्रश्न आणखी टोकदार होतो. उंदराच्या हृदयाची बायोप्सी वारंवार घेणं शक्यच नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी हृदयात काय चाललंय हे बघायचं असेल तर त्या-त्या दिवशी काही उंदीर मारावे लागतात. रक्तावरून कळलं तर तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो आणि कमी प्राणी लागतात. अर्थात उंदराचं रक्त असतं किती? पंचवीस ग्रॅमच्या उंदरात जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये असा सर्वसाधारण नियम. म्हणजे तीन-चार थेंब. दहा वेगवेगळ्या तपासण्या एवढ्यात बसवायच्या.

उंदराच्या पोटात दुसरं हृदय

कुत्र्यांची जागा हळूहळू उंदरांनी घेतली. १९६९ मध्ये रॅट या मोठ्या जातीच्या उंदरात आणि १९७३ मध्ये छोट्या उंदरात हृदय-प्रत्यारोपणाची पद्धत बसली. यात उंदराचं स्वतःचं हृदय जागेवरच राहतं. दात्याचं हृदय पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडलं जातं. ते धडधडतं, पण त्यावर उंदराचा जीव अवलंबून नसतो. संशोधक रोज पोटावर बोट ठेवून ठोके तपासतात. ठोके लागत नाहीत तो रिजेक्शनचा दिवस. इतकी साधी पद्धत, आणि ती आजही वापरतात.

नेहमीची जोडी ठरलेली आहे. ‘बाल्ब-सी’ जातीच्या पांढऱ्या उंदराचं हृदय ‘ब्लॅक-सिक्स’ जातीच्या काळ्या उंदरात. औषध दिलं नाही तर ते साधारण आठवडाभरात बंद पडतं. पण काळ्या उंदराचं हृदय त्याच जातीच्या काळ्या उंदरात बसवलं, तर ते शंभर दिवसांनंतरही चालू असतं.

ही दुसरी जोडी फार महत्त्वाची आहे, आणि बातम्यांमध्ये नेमका तिचाच उल्लेख राहून जातो. शस्त्रक्रिया म्हणजे जखम. हृदय काढून बसवेपर्यंत काही वेळ त्याला रक्त मिळत नाही, मग अचानक मिळतं. एवढ्यानेही रक्तात खळबळ माजते. सूज दाखवणारी द्रव्यं वाढतात, हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन रक्तात येतं. हे दोन्ही जोड्यांमध्ये होतं. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत जे वाढलं ते रिजेक्शनमुळे वाढलं असं म्हणता येत नाही. एकाच जातीच्या जोडीत जे शांत झालं आणि वेगळ्या जातीच्या जोडीत तिसऱ्या दिवसानंतर चढत गेलं, तीच खरी खूण.

रक्तात नेमकं शोधतात काय?

आधी हाका. प्रतिकार यंत्रणेच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टी-पेशी जागी झाली की इंटरल्यूकिन-२ सोडते, म्हणजे ‘संख्या वाढवा’. मग इंटरफेरॉन-गॅमा येतं. त्याच्या प्रभावाखाली नव्या हृदयातल्या पेशी सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० नावाची द्रव्यं सोडू लागतात आणि ती टी-पेशींना ‘इकडे या’ म्हणून बोलावतात. २००० साली वेन हँकॉक यांच्या गटाने एक सुरेख प्रयोग केला. हे बोलावणं ऐकणारा सीएक्ससीआर-३ हा ग्राहकच नसलेले उंदीर घेतले. आठवडाभरात बंद पडायचं ते हृदय त्यांच्यात कित्येक आठवडे टिकलं. म्हणजे ही द्रव्यं नुसती धुरासारखी नाहीत, आग पसरवण्यात त्यांचा हात आहे. म्हणूनच रक्तातलं त्यांचं प्रमाण मोजण्यात एवढा रस आहे.

पण इथेच मोठी गोम आहे. तापातही हीच द्रव्यं वाढतात. छातीत संसर्ग झाला, जखमेत पू झाला, एखादा विषाणू डोकं वर काढू लागला, तरी रक्त हीच हाक देतं. आणि डॉक्टरसमोरचा पेच असा, की रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायचं असतं, संसर्ग असेल तर तेच औषध कमी करायचं असतं. चुकीचा अंदाज दोन्ही बाजूंनी जीवघेणा. एकटं इंटरल्यूकिन-६ वाढलेलं दिसलं तर त्यावरून काय करायचं? काहीच ठरवता येत नाही.

औषधंही खुणा पुसतात. सायक्लोस्पोरीन मुळात इंटरल्यूकिन-२ तयार होणंच रोखतं. मग औषध चालू असलेल्या प्राण्यात इंटरल्यूकिन-२ कमी आलं, तर रिजेक्शन थांबलंय की फक्त त्याचा आवाज बंद झालाय? बिनऔषधाच्या उंदरात ठरवलेला आकडा औषधावरच्या रुग्णाला लावता येत नाही तो यामुळे.

दुसरा प्रकार अँटीबॉडीजचा. दात्याच्या पेशी घ्यायच्या, त्यावर उंदराचं रक्तद्रव टाकायचं आणि किती अँटीबॉडीज चिकटल्या ते यंत्रावर मोजायचं. ही खूण नेमकी असते, कारण ती फक्त त्या दात्याविरुद्धची असते. साध्या सर्दीने ती वाढत नाही. पण ती उशिरा येते. शिवाय काही अँटीबॉडीज रक्तात न दिसता थेट हृदयातच चिकटून बसलेल्या असतात. आणि काही वेळा अँटीबॉडीज असूनही हृदय महिनोन्महिने निवांत चालतं.

तिसरा प्रकार नुकसानीचा पुरावा. ट्रोपोनिन हे नाव आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. हार्ट अटॅकच्या संशयात जी रक्ततपासणी करतात ती हीच. स्नायू तुटला की ट्रोपोनिन वाढतं. पण कशामुळे तुटला हे त्याला माहीत नसतं.

मग एक वेगळी कल्पना आली. ती मुळात प्रत्यारोपणाच्या क्षेत्रातली नव्हती. हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की गर्भवतीच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी पुरुषांचं यकृत किंवा मूत्रपिंड मिळालेल्या स्त्रियांचं रक्त तपासलं, तर त्यात वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले. स्त्रीच्या रक्तात वाय गुणसूत्र येणार कुठून? अर्थातच त्या अवयवातून.

पेशी मरते तेव्हा तिचा डीएनए तुटून रक्तात सांडतो आणि साधारण दोन तासांच्या आत त्यातला निम्मा नाहीसा होतो. म्हणून आजच्या रक्तात आजचंच नुकसान दिसतं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक आणि हॅना व्हॅलंटाइन यांच्या गटाने हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये हेच तंत्र वापरून दाखवलं; दाता पुरुष आणि रुग्ण स्त्री असण्याची अटही त्यात उरली नाही. दोघांच्या डीएनएमधले बारीक फरक मोजले की झालं. डुकराचं हृदय असेल तर काम आणखी सोपं, कारण डुकराचा डीएनए माकडाच्या किंवा माणसाच्या डीएनएहून सहज वेगळा ओळखता येतो. हल्ला कुठे होतोय याची नेमकी जागा सांगणारी अशी खूण आधी नव्हती. कारण मात्र तीही सांगत नाही.

बबूनच्या रक्ताने आधीच सांगितलं होतं

आता डुकराच्या हृदयाकडे वळू. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात आणि बबूनसारख्या माकडांत ती नसते, उलट तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज आपल्या रक्तात जन्मानंतर लवकरच तयार होतात. आपल्या एकूण अँटीबॉडीजपैकी साधारण १ टक्का याच असतात. म्हणून साध्या डुकराचं हृदय काही मिनिटांत किंवा तासांत बाद होतं. उपाय म्हणून ही साखर बनवणारं जनुकच काढून टाकलेली डुकरं तयार झाली.

मग आकडे बदलले. २०१६ मध्ये मोहम्मद मोहिउद्दीन यांच्या गटाने जाहीर केलं, की बबूनच्या पोटात जोडलेलं असं एक हृदय ९४५ दिवस धडधडलं. २०१८ मध्ये म्युनिकच्या ब्रुनो राइशार्ट यांच्या गटाने बबूनचं स्वतःचं हृदय काढून त्या जागी डुकराचं बसवलं. शेवटच्या गटातल्या पाच बबूनपैकी चार ९० दिवस किंवा त्याहून अधिक जगले, त्यातला एक १९५ दिवस. त्याआधीच्या गटात एक विचित्र अडचण आली होती. डुकराचं हृदय डुकराच्या वेगाने वाढत राहिलं, छातीत मावेना, आणि त्यात यकृत बिघडलं. रक्ताचे रिपोर्ट वाईट आले, पण ते रिजेक्शन नव्हतंच.

याच म्युनिकच्या बबूनमध्ये आणखी एक कोडं होतं. सारखीच डुकरं, सारखीच औषधं, तरी काही बबून जेमतेम महिनाभर जगत होते. २०२० मध्ये योआखिम डेन्नर आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर मांडलं. ज्या हृदयांमध्ये डुकरांचा सायटोमेगॅलो विषाणू होता, ते बबून लवकर गेले. विषाणू नसलेली हृदयं मिळालेले त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जगले. विषाणू असलेल्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा वाढलेलं होतं आणि रक्त गोठण्या-विरघळण्याचा तोल गेल्याच्या खुणाही होत्या. नुसतं सायटोकाइन बघितलं असतं तर ‘रिजेक्शन’ असा शिक्का बसला असता.

आता बेनेट यांच्या केसमध्ये काय झालं ते बघा. त्यांच्यासाठी दहा जनुकं बदललेलं डुक्कर निवडलं होतं. ते विषाणूमुक्त असल्याचं मानलं गेलं, कारण डुकराच्या नाकातल्या स्वॅबच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. पण हा विषाणू शरीरात दडून बसतो; नाकात न सापडताही तो असू शकतो. विसाव्या दिवशीची क्षीण खूण पुढच्या आठवड्यांत वाढत गेली. चौतिसाव्या दिवशीची बायोप्सी चांगली होती. एकोणपन्नासाव्या दिवशी हृदय अचानक ताठर झालं. पन्नासाव्या दिवशी पुन्हा बायोप्सी केली, तर नेहमीच्या रिजेक्शनचं चित्र नव्हतं. केशवाहिन्यांना इजा झाली होती आणि सूज होती. साठाव्या दिवशी बेनेट गेले.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात एकाच कारणावर बोट ठेवलेलं नाही. रुग्ण आधीच खंगलेला होता. त्याला अनेक दात्यांच्या रक्तातून गोळा केलेल्या अँटीबॉडीजचं औषध दिलं होतं आणि त्यातल्या काही डुकराच्या पेशींनाच चिकटल्या असाव्यात. त्यात हा विषाणू. म्हणजे हाका, अँटीबॉडीज, विषाणू आणि नुकसान, सगळ्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या.

यातून एक व्यावहारिक बदल झाला. आता डुकराचंच रक्त तपासतात. विषाणू दडलेला असला तरी त्याविरुद्धच्या अँटीबॉडीज डुकराच्या रक्तात असतात, त्यामुळे तो लपू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच रुग्णालयात ५८ वर्षांच्या दुसऱ्या रुग्णाला डुकराचं हृदय बसवताना ही काळजी घेतली गेली. ते रुग्ण सुमारे सहा आठवडे जगले. या वेळी मात्र रिजेक्शनची चिन्हं दिसली.

उंदरात जमलेलं माणसात का जमत नाही?

प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो. त्याच्या प्रतिकार यंत्रणेने जग पाहिलेलंच नसतं. आपण लहानपणापासून शंभर जंतूंशी लढलेलो असतो आणि त्या लढायांच्या आठवणी जपणाऱ्या टी-पेशी आपल्याकडे असतात. त्यातल्या काही परक्या हृदयालाही जुना शत्रू समजतात. त्यामुळे उंदराला ज्या औषधाने हृदय पचवायला शिकवता येतं, तेच औषध माणसात कमी पडतं. शिवाय पोटातलं ते जादा हृदय शरीराला रक्त पुरवत नाही. त्यावर कामाचा ताणच नसतो. ताण आल्यावर वाढणाऱ्या खुणांबद्दल अशा उंदराकडून फारसं शिकता येत नाही.

म्हणजे उंदरांवरचे प्रयोग वाया गेले का? तसं म्हणणं चुकीचं ठरेल. कोणती खूण कशामुळे येते, हे एकेक जनुक काढून तपासणं फक्त उंदरातच शक्य होतं. पण ‘उंदरात रिजेक्शनची नवी ब्लड टेस्ट सापडली’ अशी हेडलाइन दिसली, तर दोन गोष्टी जरूर बघा. त्याच जातीतल्या प्रत्यारोपणाशी तुलना केली होती का? आणि संसर्ग झालेल्या उंदरात तीच टेस्ट काय दाखवते, हे तपासलं होतं का?

रुग्णांपर्यंत काय पोहोचलं?

दोन गोष्टी. पहिली, पांढऱ्या पेशींमधली कोणती जनुकं किती जागी आहेत हे मोजणारी ‘अॅलोमॅप’ ही तपासणी. तिच्यात २० जनुकं मोजतात. अमेरिकेत २००८ मध्ये तिला मंजुरी मिळाली. २०१० मध्ये ६०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणाला किमान सहा महिने झालेल्या, धोका कमी असलेल्या रुग्णांमध्ये ही तपासणी वापरली तर परिणाम बायोप्सीपेक्षा वाईट नव्हते, आणि रुग्णामागे वर्षाला ३ ऐवजी सरासरी अर्धीच बायोप्सी करावी लागली. पहिले काही महिने, जेव्हा रिजेक्शनची भीती सगळ्यात जास्त असते, ते मात्र या अभ्यासाच्या बाहेरच होते.

दुसरी, दात्याच्या डीएनएची तपासणी. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं, की रक्तात तरंगणाऱ्या डीएनएपैकी दात्याचा हिस्सा ०.२५ टक्क्याहून कमी असेल तर गंभीर रिजेक्शन नसण्याची खात्री ९९ टक्के देता येते. अँटीबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्ये तर बायोप्सीत काही दिसण्याच्या सुमारे तीन महिने आधीच हा आकडा वाढू लागला होता.

उलट बाजूने मात्र ही तपासणी तेवढी भरवशाची नाही. आकडा कमी आला तर बायोप्सी टाळता येते. जास्त आला तर नुकसान होतंय एवढंच कळतं, आणि ते कशामुळे हे बघायला पुन्हा मानेतल्या शिरेतून चिमटा घालावाच लागतो. डुकराच्या हृदयासाठी तर ०.२५ टक्क्यासारखी रेषा आखता येईल इतके रुग्णच अजून झालेले नाहीत. तिथे तूर्त आधार आहे तो बबूनच्या रक्ताच्या नोंदींचा.